अदार महिन्यातील होळी

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या बेने इस्राएल समाजाचा इतिहास १८९७ साली इंग्रजीत लिहून पुरा केला, परंतु तो छापून निघालेला पाहण्याचे भाग्य त्यांच्या वाट्यास आले नाही. हस्तलिखित कित्येक वर्षे मुंबईत पडून राहिले आणि अखेर १९३७ साली, लेखकाच्या पश्चात, समुद्रापलीकडे तेल अवीव येथे त्यास ग्रंथरूप मिळाले. या ग्रंथात समाजाच्या सणांची व उपवासांची जी नोंद आहे, ती वाचीत असता मराठी वाचकाचे मन क्षणभर थबकते. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, शिळा सण, बिरड्याचा सण अशी ही नावे आहेत. कोकणातल्या कोणत्याही घरातील आजीच्या तोंडी शोभावीत इतकी ती साधी, स्वयंपाकघराच्या आणि उंबरठ्याच्या आसपासची आहेत. आणि तरीही त्यांच्यामागे उभे आहेत ते रोश हाशाना, योम किप्पूर, तिशा बेआव हे इस्राएल लोकांचे पुरातन पर्वकाल. याच मालिकेत अदार महिन्याच्या चतुर्दशीस येणारा एक आनंदाचा सण आहे. जगभरचे यहुदी त्यास पुरीम म्हणतात. कोकणचे बेने इस्राएल त्यास म्हणत ‘होळीचा सण’.

एखाद्या समाजाने आपल्या सणाला शेजाऱ्याच्या सणाचे नाव द्यावे, ही गोष्ट वरवर पाहणाऱ्यास विस्मृतीची खूण वाटेल, आणि एकोणिसाव्या शतकातील काही सुधारकांस ती तशी वाटलीही असावी. मला मात्र ती स्मृतीची खूण वाटते. या नावांत थर आहेत. खीर, बिरडे, दार ही अस्सल मराठी नावे एका थरातली. आणि ‘रमजान’ हा महिनाभराचा उपवास किंवा ‘एलियाहू हन्नाबीचा उरूस’ ही मुसलमानी अमदानीची बोली बोलणारी नावे दुसऱ्या थरातली. ज्या मुलखात हा समाज राहिला, त्या मुलखाचा सारा इतिहास त्याच्या सणांच्या नावांत असा साठून राहिला आहे. आपल्या धर्माच्या दिवसांना त्याने शेजाऱ्यांच्या भाषेतून हाक मारली. पण हाक मारली ती आपल्याच दिवसांना.

या समाजाची परंपरा अशी सांगते की, फार प्राचीन काळी स्वदेशातील जुलमास कंटाळून निघालेल्या काही कुटुंबांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या जिवंत किनाऱ्यास लागल्या, आणि ज्यांची प्रेते लाटांनी आणून टाकली त्यांस तेथेच दोन ढिगांखाली मूठमाती देण्यात आली. जवळचे सामान, आणि सामानाबरोबर धर्मग्रंथही, समुद्रार्पण झाले. वाचलेल्यांनी कोकणच्या खेड्यांतून वस्ती केली, तेलाचा घाणा हा आपला धंदा केला, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत असल्यामुळे ते ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखले जाऊ लागले. किहीमचे ते केहिमकर, दिव्याचे ते दिवेकर, झिराडचे झिराडकर, राजपुरीचे राजपुरकर, चौलचे चौलकर. गाव हेच आडनाव झाले. ग्रंथ गेले, लिपी गेली, पूर्वजांची भाषाही गेली. उरले ते शब्बाथाची विश्रांती, आठव्या दिवशीची सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध, आणि ‘शेमा इस्राएल’ या एका प्रार्थनेचे शब्द, जे जन्मापासून मृत्यूपर्यंत प्रत्येक प्रसंगी उच्चारले जात, कारण दुसरे शब्द हाताशी नव्हते. पुरीम हा तर एका ग्रंथावर आधारलेला सण आहे. एस्तेरची गुंडाळी वाचणे हेच त्याचे मुख्य विधान. ज्यांच्यापाशी ग्रंथच नाही, त्यांनी असा सण कशाच्या आधारे धरून ठेवावा?

माझ्या मते तो आधार आकाशात होता. यहुद्यांचे महिने आपल्या महिन्यांप्रमाणेच चंद्राचे. अदार हा वसंतारंभापूर्वीचा महिना, आणि त्याची चतुर्दशी म्हणजे बहुधा फाल्गुनी पौर्णिमेच्या आगेमागेची तिथी. दोन्ही पंचांगे चंद्राला सूर्याशी जुळवून घेण्यासाठी अधिक महिना धरतात. इब्री पंचांगात १९ वर्षांत ७ वेळा दुसरा अदार येतो, आणि अशा वर्षी पुरीम दुसऱ्या अदारात पाळला जातो. आपला अधिकमासही साधारण तितक्याच वेळा येतो, फक्त त्याचे स्थान संक्रांतीच्या गणिताने बदलते. त्यामुळे होळी आणि पुरीम हे दोन सण बहुतेक वर्षी हातात हात घालून चालतात आणि एखाद्या वर्षी महिन्याच्या अंतराने एकमेकांपासून दुरावतात. २०२४ साली पुरीम २४ मार्चला आला आणि त्याच संध्याकाळी महाराष्ट्रात होळ्या पेटल्या. २०२१ साली मात्र पुरीम २६ फेब्रुवारीलाच होऊन गेला आणि होळीला २८ मार्च उजाडावा लागला. ज्या खेड्यात इब्री पंचांगाचे गणित मांडणारा कोणी नाही, तेथील तेल्याच्या घरात फाल्गुनातला पूर्ण होत आलेला चंद्र आणि पाटलाच्या होळीसाठी गोळा होणारी लाकडे याखेरीज पुरीमची वर्दी कोण देणार? सणाला होळीचे नाव पडले ते बहुधा अशा रीतीने. ते नाव नव्हते, ती तिथीच होती.

आता त्या ग्रंथाकडे वळू, कारण तो हिंदुस्थानपासून वाटतो तितका दूर नाही. एस्तेरच्या कथेचा राजा अहश्वेरोश, ज्यास बहुतेक अभ्यासक इराणचा बादशहा झर्क्सीस मानतात, तो हिंदुस्थानापासून कूश देशापर्यंतच्या १२७ प्रांतांचा धनी होता, असे ग्रंथाच्या पहिल्याच वाक्यात म्हटले आहे. इब्री भाषेत हिंदुस्थानास ‘होदू’ म्हणतात, आणि साऱ्या इब्री धर्मग्रंथांत हे नाव एवढ्या एकाच पुस्तकात येते. शूशन येथील राजवाड्यात १८० दिवस वैभवाचे प्रदर्शन झाले आणि मागोमाग सात दिवसांची मेजवानी झाली. तिच्या वर्णनात पांढऱ्या व निळ्या पडद्यांबरोबर ‘कर्पास’ हा शब्द आहे, जो आपल्या संस्कृत ‘कर्पास’ या शब्दाहून, म्हणजे कापसाहून, निराळा नाही. आपल्या कापसाने व्यापाराच्या वाटेने इराणच्या राजवाड्यात प्रवेश केला आणि तेथून धर्मग्रंथात. शब्दांची ही ये-जा येथेच थांबत नाही. या पुस्तकात राजाज्ञेसाठी, कायद्यासाठी, जो ‘दात’ शब्द पुनःपुन्हा येतो, तो प्राचीन इराणी ‘दात’. त्याचाच फारसीत ‘दाद’ झाला, म्हणजे न्याय, आणि मराठेशाहीच्या दप्तरांतून तो आपल्या ‘दाद मागणे’ या प्रयोगात येऊन स्थिरावला. बोलावण्यावाचून जो राजापुढे जाईल त्यास मृत्यू, असा त्या दरबाराचा दात. आणि राणी एस्तेर तो मोडून, आपल्या लोकांसाठी, दाद मागावयास जाते. मूळ शब्द एक, पण शिक्षेचा कायदा आणि न्यायाची याचना अशा दोन्ही टोकांस तो पोहोचला आहे.

कथा थोडक्यात सांगावयाची तर, वश्ती राणी पदच्युत होते, अनाथ यहुदी कन्या एस्तेर तिच्या जागी येते, आणि चुलतभाऊ मर्दखय याच्या सांगण्यावरून आपले कूळ कोणास कळू देत नाही. वजीर हामान यास सारे राजसेवक वाकून मुजरा करतात. मर्दखय करीत नाही. त्या एका माणसाच्या ताठ मानेचा सूड हामान साऱ्या जातीवर उगवू पाहतो. कत्तलीचा दिवस ठरविण्यासाठी तो ‘पूर’ म्हणजे चिठ्ठ्या टाकतो, ज्यावरून सणाचे नाव पडले. राजाच्या खजिन्यात १०,००० तालांत चांदी भरण्याची बोली करतो. आणि राजाच्या अंगठीची मोहर उठवून, प्रत्येक प्रांतास त्याच्या लिपीत आणि प्रत्येक लोकांस त्यांच्या भाषेत, फर्माने रवाना होतात. तीन दिवसांच्या उपवासानंतर एस्तेर राजापुढे उभी राहते. मधल्या एका रात्री राजास झोप येत नाही म्हणून तो जुनी दप्तरे वाचावयास सांगतो, आणि मर्दखयाने पूर्वी आपला जीव वाचविल्याची नोंद त्यांत निघते. राजकारणात एखादी नीट ठेवलेली नोंद माणसाचे प्राण वाचवू शकते, हे या कथेत जितके प्रत्ययास येते तितके क्वचितच कोठे येत असेल. शेवटी मर्दखयासाठी उभारलेल्या ५० हात उंचीच्या खांबावर हामान स्वतःच चढतो. मात्र राजाचे पहिले फर्मान रद्द होऊ शकत नाही, कारण मोहोर झालेली आज्ञा खुद्द राजासही मागे घेता येत नाही. म्हणून दुसरे फर्मान निघते, ज्याने यहुद्यांस आपला बचाव करण्याचा अधिकार मिळतो. त्या संकटातून सुटल्याचा दिवस तो पुरीम. या साऱ्या पुस्तकात ईश्वराचे नाव एकदाही येत नाही. राणीने कूळ लपविले, आणि ग्रंथाने ईश्वराला. कोकणात तर सणानेही आपले नाव लपविले.

होळीशी या सणाचे साम्य केवळ तिथीचे नाही. हामानाचा पुतळा जाळणे ही यहुद्यांची जुनी प्रथा होती. ती इतकी रूढ होती की रोमन बादशहा दुसरा थिओडोसियस याने इसवी सन ४०८ मध्ये कायदा करून तिच्यावर बंदी घातली, कारण खांबावरच्या त्या पुतळ्यात क्रुसाची विटंबना होते असा संशय राज्यकर्त्यांस आला होता. तालमुद या धर्मशास्त्रग्रंथातही पुरीमच्या जाळावरून उड्या मारण्याचा उल्लेख सापडतो. भूमध्य समुद्राच्या काठी एका दुष्टाचा पुतळा जळत होता आणि सिंधुसागराच्या काठी होलिका जळत होती. आणि दोन्ही कथांत दुसऱ्यासाठी रचलेल्या मरणात रचणाराच सापडतो. पुन्हा हामानाचे नाव वाचनात आले की श्रोत्यांनी पाय आपटून, खुळखुळे वाजवून एवढा गलका करावयाचा की ते नाव ऐकूच येऊ नये. ज्याने कोकणात शिमग्याची बोंब ऐकली आहे, आणि तोंडावर हात मारून ती स्वतः ठोकली आहे, त्यास हा विधी समजावून सांगावा लागणार नाही. आणि सोंगे? शिमग्यात कोकणच्या वाड्यावाड्यांतून सोंगे निघतात. पुरीमलाही मुले आणि मोठी माणसे वेष पालटतात, ही चाल इटलीतल्या यहुद्यांत पंधराव्या शतकाच्या सुमारास मूळ धरून सर्वत्र पसरली. हे सगळे साम्य एकमेकांकडून घेतलेले आहे असे माझे म्हणणे नाही. थंडी सरते, शेते रिकामी होतात, चंद्र भरतो, आणि माणसाला आग पेटवावीशी, ओरडावेसे, क्षणभर दुसरे कोणी व्हावेसे वाटते; ही ऊर्मी कोणा एका जातीच्या मालकीची नाही. पण ज्या समाजास आपला ग्रंथ वाचता येत नव्हता, त्यास शेजारच्या अंगणातली होळी परकी वाटली नसेल, एवढे मात्र निश्चित म्हणता येईल.

आणि मग पुरणपोळी. बेने इस्राएल घरांत पुरीमला पुरणपोळी होते. ‘पुरीम’ आणि ‘पुरण’ या शब्दांचा परस्परांशी काही संबंध नाही, हे भाषाशास्त्र सांगेल. पण सण जगतो तो भाषाशास्त्रावर नव्हे. चण्याच्या डाळीचे, गुळाचे, वेलदोड्याचे पुरण पाट्यावर वाटणाऱ्या हातांनी ज्या दिवसाची आठवण पिढ्यान्‌पिढ्या जतन केली, तो दिवस ग्रंथावाचूनही हरवला नाही. मांस आणि दूध एकत्र शिजवू नये या निर्बंधामुळे या समाजाच्या पाकशास्त्रात नारळाच्या दुधाला मोठे स्थान मिळाले, आणि कोकणाने त्यास नारळ मुबलक दिले. अशा रीतीने सिनाय पर्वतावरची आज्ञा आणि अलिबागची वाडी यांची गाठ एका पातेल्यात पडली. पुरीमचे दोन विधी तर मराठी माणसास घरचेच वाटावेत: स्नेह्यांकडे खाण्याच्या जिनसांची ताटे पाठविणे आणि गरिबांस दान देणे. दिवाळीच्या फराळाचे झाकलेले ताट घेऊन शेजारच्या दारी गेलेल्या प्रत्येक मुलाने हा पहिला विधी न कळत केला आहे.

ग्रंथ परत आला तो अठराव्या शतकाच्या अखेरीपासून, आणि त्याच्या येण्याची हकीगत हा या समाजाच्या इतिहासातील सर्वांत हृद्य भाग आहे. कोकणातले अनेक बेने इस्राएल तरुण कंपनी सरकारच्या पलटणींत दाखल झाले आणि सुभेदार, जमादार या हुद्द्यांपर्यंत चढले. त्यांपैकी सॅम्युएल इझिकिएल दिवेकर, ज्यांस गावाकडे सामाजी हसाजी म्हणत, हे म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. जिवंत सुटलो तर प्रार्थनामंदिर बांधीन असा त्यांनी नवस केला होता असे सांगतात. सुटून आल्यावर १७९६ साली त्यांनी मुंबईत मांडवी भागात पहिले सिनेगॉग उभारले. ‘शाआर हारहामीम’, म्हणजे कृपेचे द्वार, हे त्याचे इब्री नाव. लोकांच्या तोंडी मात्र ते ‘जुनी मशीद’, आणि मशीद बंदर या स्टेशनाचे नाव याच मंदिरावरून पडले अशी समजूत आहे. तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या आणण्यासाठी दिवेकर कोचीनला गेले आणि तेथेच त्यांचे देहावसान झाले, असे समाजाची परंपरा सांगते. जो ग्रंथ नवगावच्या समुद्रात बुडाला, तो आणावयास गेलेला माणूस परत आला नाही. ग्रंथ मात्र आले. मंदिराची व्यवस्था पाहण्यासाठी मुकादम, चौगुले, गबाई, काझी, हजान आणि शमाश असे अधिकारी असत. ही नावे एकदा मोठ्याने वाचून पाहावीत: मराठेशाहीचे गाव, मुसलमानी अदालत आणि यरुशलेमचे मंदिर यांची एका पंक्तीत बैठक कोठे झाली असेल तर ती येथे.

यानंतर छापखान्याचे युग सुरू झाले. स्कॉटलंडचे मिशनरी जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस आले आणि तीनच वर्षांनी, १८३२ मध्ये, त्यांनी इब्री भाषेचे व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले. उद्देश ख्रिस्ती धर्मप्रसाराचा होता, हे लपविण्याचे कारण नाही. पण फळ निराळेच लागले, कारण बेने इस्राएल लोकांनी विद्या घेतली आणि धर्म आपलाच ठेवला. मराठीत उतरलेल्या जुन्या कराराच्या पानांतून एस्तेर त्यांच्यापुढे प्रथमच सलग, आदिअंतासह, उभी राहिली. पुढे जोसेफ इझिकिएल राजपुरकर या विद्वानाने, जे मुंबईत डेव्हिड ससून यांच्या शाळेत इब्रीचे अध्यापक होते, इब्री प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे एकामागून एक सिद्ध केली. १८७४ साली पुण्यात छापलेल्या वल्हांडणाच्या ‘हगादा’ या पोथीमध्ये तर इब्री मजकुराशेजारी मराठी अनुवाद आहे आणि चित्रांत भाकरी भाजणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या आहेत. १८७५ साली केहिमकरांनी समाजातील मुलांसाठी शाळा काढली, जी पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. आणि १८८० साली बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांच्या पुढाकाराने एक विलक्षण गोष्ट घडली: या समाजाने हरिदासांचे कीर्तन आपलेसे केले. पूर्वरंग आणि आख्यान, साकी, दिंडी आणि ओवी, टाळ आणि मृदंग, सारे तेच. नायक मात्र अब्राहाम आणि योसेफ. ज्या मराठी समाजाला ध्रुव-प्रल्हादाची आख्याने ऐकून माणसे घडविण्याची सवय होती, त्याच्या शेजारी राहिलेल्यांनी आपल्या पूर्वजांनाही त्याच चौरंगासमोर उभे केले, यापेक्षा मोठा सत्कार मराठी भाषेच्या वाट्यास फारसा आलेला नाही. तालमुदकालीन धर्मशास्त्रानेही एस्तेरचा ग्रंथ इब्री न जाणणाऱ्यांस त्यांच्या स्वभाषेत वाचून दाखविण्यास मुभा दिली आहे. फर्माने जर प्रत्येक लोकांच्या भाषेत निघाली, तर सुटकेची वार्ताही त्यांच्या भाषेत का जाऊ नये?

दरम्यान बगदादहून ससूनांची पेढी आणि तिच्यामागून अनेक कुटुंबे मुंबई-पुण्यास आली. भायखळ्याचे मागेन डेव्हिड, कोटातले केनेसेथ एलियाहू, पुण्याच्या लष्करातले लाल देऊळ ही त्यांची मंदिरे. चांदीच्या नळकांड्यात जपलेली एस्तेरची गुंडाळी आणि बदाम-वेलदोड्याची बिस्किटे ही त्यांच्या पुरीमची खूण होती. या दोन समाजांत मनमोकळेपणा नव्हता. बगदादकरांनी कोकणच्या बंधूंस दीर्घकाळ पंक्तीबाहेर ठेवले, ही दुःखद गोष्ट आहे.

नव्या विद्येबरोबर जुनी नावे मागे पडली. होळीचा सण पुरीम झाला, नव्याचा सण रोश हाशाना झाला, दारफाळणीचा सण किप्पूर झाला. जगातल्या आपल्या बांधवांशी नाते जुळले असता समाजाने त्यांचीच नावे उचलावीत हे स्वाभाविक होते, आणि ज्यांना आपल्या यहुदीपणाबद्दल परक्यांच्या शंकांस वारंवार तोंड द्यावे लागले, त्यांस ‘होळी’ हा शब्द अडचणीचा वाटला असल्यास नवल नाही. १९४८ नंतर जे हजारो बेने इस्राएल इस्राएलला गेले, त्यांस तर १९६०च्या सुमारास विवाहाच्या बाबतीत आपली शुद्धता सिद्ध करण्याची मागणी ऐकावी लागली. त्यांनी सत्याग्रहाच्या मार्गाने तिचा प्रतिकार केला आणि १९६४ साली सर्व बाबतींत त्यांची समता मान्य झाली. तथापि मला राहून राहून वाटते की, शंका घेणाऱ्यांनी ज्या नावाकडे बोट दाखविले असते, तेच नाव त्यांच्या निष्ठेचे प्रमाण म्हणून पुढे करता आले असते. पुस्तक नाही, पुरोहित नाही, स्वधर्मीयांचे दुसरे गाव नाही, अशा स्थितीत अदारची चतुर्दशी न चुकविणे ही सामान्य गोष्ट नव्हे. केहिमकरांनी ती नावे संकोच न करता लिहून ठेवली, यासाठी आपण त्यांचे ऋणी राहिले पाहिजे.

स्वातंत्र्याच्या सुमारास या समाजाची संख्या २० हजारांच्या आसपास होती. आज दिमोना, अश्दोद, लोद, बेरशेबा या इस्राएलमधील गावांत मराठी बोलणारी घरे आहेत, तेथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघत आले आहे. इकडे २०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतात मिळून ४,६५० यहुदी मोजले गेले, आणि २०१६ साली महाराष्ट्र सरकारने त्यांस अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. कोकणच्या सिनेगॉगांत प्रार्थनेस लागणारे दहा पुरुष जमविणे कठीण झाले आहे. म्हणूनच मुंबई-ठाण्याच्या वस्तीत ज्यू कम्युनिटी सेंटर आणि सिनेगॉगालगतचे सभागृह यांस हल्ली वाड्याच्या ओसरीचे स्थान आले आहे. मुलांनी इब्री शिकावे तेथे, वृद्धांनी भेटावे तेथे, आणि सण साजरे व्हावेत तेही तेथेच.

पुरीमच्या संध्याकाळी अशा सभागृहात जी मंडळी जमतात, त्यांत गिरगावापासून कल्याणपर्यंतची घरे असतात. जरीच्या टोप्या घातलेले छोटे अहश्वेरोश, आईच्या शालूची ओढणी केलेल्या एस्तेर, कापसाची दाढी चिकटवलेले मर्दखय, यांची सोंगे पाहून आजोबा-आजींच्या चेहऱ्यावर जे तेज येते ते पाहण्याजोगे असते. मेजावर परदेशातून आलेल्या रीतीप्रमाणे हामानाच्या नावाची त्रिकोणी खुसखुशीत पेस्ट्री असते आणि शेजारी कोणीतरी घरून करून आणलेल्या पुरणपोळ्यांचा डबा. हातांत खुळखुळे धरून मुले पुढल्या रांगेत बसतात. वाचणारा उभा राहतो. गुंडाळी तोरासारखी दांड्यांवर न गुंडाळता पत्रासारखी घडी घालीत वाचावयाची, कारण ती मुळात पत्रच होती, डाकेने आलेले. आशीर्वाद म्हणून होतात आणि पहिले वाक्य सुरू होते. राजाच्या नावामागून जे पहिले देशनाम त्याच्या तोंडून बाहेर पडते ते ‘होदू’. मोठी माणसे किंचित मान हलवितात. मुलांचे तिकडे लक्ष नाही; त्यांना हामान हवा आहे, आणि तो तिसऱ्या अध्यायाशिवाय येत नाही. तोवर ती खुळखुळे घट्ट धरून, वाजू नयेत म्हणून श्वास रोखून, वाट पाहत बसतात.